'आय' की 'मी'? सोबतच्याला वाक्यातून काढून बघा

इंग्रजी सर्वनामांत आपली पहिली गफलत 'मी'पाशीच होते. मराठीतला 'मी' म्हणजे इंग्रजीतला 'आय', आणि इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'. एकट्यापुरतं हे जमतं. सोबत कुणी आलं की गोंधळ उडतो. 'द टीचर कॉल्ड माय ब्रदर अँड आय' हे कानाला भारदस्त वाटतं, पण चूक आहे. भावाला क्षणभर वाक्यातून बाजूला काढा. 'द टीचर कॉल्ड आय' असं कुणी म्हणेल का? तिथे 'मी'च हवं. मग भाऊ परत आला तरी 'माय ब्रदर अँड मी'च राहतं. 'ही-हिम', 'शी-हर', 'दे-देम' यांनाही हीच युक्ती लागू पडते.

'आपला' हा शब्दही फसवतो. 'तिने आपली वही उघडली' याचं इंग्रजी करताना हात 'अवर'कडे जातो. आधी मनात विचारा, वही कोणाची? तिची. म्हणून 'शी ओपन्ड हर नोटबुक'. मराठीत 'तिचा भाऊ', 'तिची बहीण' असं रूप बदलतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'हर'च, कारण तिथे नातं कोणाचं एवढंच पाहतात.