टीव्ही बंद पडला? फ्यूज बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यात इंदूरला रात्री विजा कडाडल्या, लाइट दोन-तीनदा गेली-आली, की दुसऱ्या दिवशी रामबाग, लोकमान्यनगरकडून टीव्ही दुरुस्तीला येऊ लागतात. तक्रार ठरलेली: ‘कालपासून लाल दिवासुद्धा लागत नाही.’ पुष्कळदा घरी कुणीतरी टीव्हीच्या सप्लाय बोर्डावरचा (घरची वीज टीव्हीला हवी तशी करून देणारा बोर्ड) फ्यूज आधीच बदललेला असतो आणि तोही उडालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फ्यूजची काच आतून काळीकुट्ट झाली असेल, तर पुढे काहीतरी शॉर्ट आहे हे धरूनच चाला. फ्यूजशेजारची चकतीसारखी एमओव्ही आधी पाहा. व्होल्टेजचा झटका ती स्वतःवर घेते आणि फुटते. मग ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), मग हीटसिंकवरचा मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारा स्विच) तपासा. मॉसफेट शॉर्ट निघाला, तर त्याच्या सोर्स पिनपाशी असलेला एक ओहमपेक्षाही कमी रोधाचा रेझिस्टर आणि त्याला चालवणारी आयसी बघितल्याशिवाय नवा लावू नका. तोही चालू करताक्षणी जाईल. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीकडे जाणारी वीज त्यातूनच जाईल असा, जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर बरं. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट अजून तिथेच आहे. एलईडी बल्ब या कामाचा नाही. आणि फ्यूजच्या जागी तार तर कधीच नको, घराला आग लागेल.

प्लग काढला म्हणून बोर्ड सुरक्षित झाला असं समजू नका. मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं, पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या) सेटमध्ये ३८० ते ४००. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. २.२ किलोओहमचा, ५ ते १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद टेकवा, मग मीटरने खात्री करा.

मीटरची काळी पिन कुठे लावता, हेही पाहा. प्रायमरी (घरची वीज येते ती बाजू) आणि सेकंडरीचे (कमी व्होल्टेजची बाजू) ग्राउंड वेगळे असतात. चुकीच्या ग्राउंडवरून मोजलं की चांगला बोर्डही खराब वाटतो.

फुगलेला कपॅसिटर बदलताना व्होल्टेज आहे तेवढं किंवा थोडं जास्त घ्या, कमी कधीच नाही. १०५ अंश तापमानापर्यंत चालणारा, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला).

आवाज येतो पण पडदा काळा? अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) किंवा त्याला वीज देणारा ड्रायव्हर बघा. स्टँडबायचे (टीव्ही रिमोटने बंद असतानाही मिळणारे) ५ व्होल्ट दोनावर आले असतील, तर मेन बोर्डकडे (चित्र-आवाज सांभाळणारा बोर्ड) जाणारी केबल काढून पुन्हा मोजा. पाच परत आले, तर बहुतेक वेळा शॉर्ट मेन बोर्डात असतो. केबल काढल्यावर १२ आणि २४ व्होल्ट मिळाले नाहीत म्हणून सप्लाय मेला असं ठरवू नका. बऱ्याच सेटमध्ये ते मेन बोर्डाने हुकूम दिल्यावरच येतात.

एवढं करूनही बोर्डच बदलायचा ठरला, तर इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जेल रोडला जाताना जुना बोर्ड सोबत न्या. टीव्हीचं मॉडेल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे बोर्ड निघतात. बोर्डावर छापलेला नंबर आणि कनेक्टरच्या पिनांचा क्रम, दोन्ही जुळवूनच पैसे द्या.