मागाच्या घरात वाढणारं मूल: पहिल्या तीन वर्षांत काय सांभाळायचं

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, एकाच घरातली दोन भावंडं दोन टोकांची निघतात, तेव्हा आईबाप चक्रावतात. पण घर दोघांना सारखं मिळालेलंच नसतं. थोरल्याच्या वेळी आजी मोकळी होती, धाकट्याच्या वेळी माग दोन पाळ्यांत चालू. त्यात स्वभाव वेगळा. म्हणून थोरल्याची पट्टी धाकट्याला लावू नका.

सगळ्यात आधी आवाजाचं बघा. यंत्रमागाजवळ आवाज सहज 90 डेसिबलच्या पुढे जातो. मोठी माणसं ओठ बघून, अंदाजानं समजून घेतात. भाषा नुकती शिकणाऱ्या बाळाला ते जमत नाही. पाळणा मागाच्या खोलीत नको, सामाईक भिंतीलाही नको. वीज गेली, पाळी बदलली की ती दहा-पंधरा मिनिटं बाळाची. हातभर अंतरावर समोर बसा, एक वाक्य बोला आणि गप्प राहा. मनात पाचपर्यंत मोजा. बाळ हुंकारेल, हात हलवेल. त्यालाच उत्तर द्या. बहुतेक जण इथेच चुकतात, थांबतच नाहीत. त्या वेळी टीव्ही बंद. मोबाईल दोन वर्षांपर्यंत नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास.

घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, अंगणवाडीत मराठी. यानं मूल गोंधळत नाही. आजीला तोडकंमोडकं मराठी बोलायला लावू नका. तिच्या तेलुगूतल्या गोष्टीत शब्द जास्त असतात. मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा.

घरी विड्या वळत असाल तर तंबाखूचं सूप रांगत्या बाळापासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत. नंतर फरशी ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्या झाडूनं धूळ उडते. हात साबणानं धुऊन, साडी बदलून मगच बाळाला घ्या.

बुजरं मूल अंगणवाडीत ढकलून सोडलं की आणखी आक्रसतं. गर्दी व्हायच्या आधी न्या, पहिले काही दिवस जवळ बसा, मग पाच-पाच मिनिटांनी बाहेर थांबायची वेळ वाढवा. सांगून निघा, गुपचूप सटकू नका. धडपड्या मुलाचं उलट: आधी पळू द्या, मगच चित्राचं पुस्तक. उन्हाळ्यात हे सकाळी नऊच्या आत किंवा सहानंतर. धपाटा दोघांनाही नको. बुजरं त्यानं मिटतं, धडपडं तोच धपाटा धाकट्याला घालतं.

नवव्या महिन्यात नावाला वळत नाही, दीड वर्षात बोट दाखवत नाही, दोन वर्षांत कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नाही, तर कान तपासून घ्या. ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून सहा महिने घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं; मधल्या काळात शंका आली तर सेविकेला सांगून सरकारी दवाखाना गाठा.