कॉलम बदलण्याआधी लायसेट तपासा: प्रोटीन शुद्धीकरणात या चुका टाळा

ई. कोलाय जिवाणूतून हिस-टॅगचं (निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन काढलं, निकेल कॉलमवरून नेलं आणि जेलवर त्याचा बँडच (पट्टीच) नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी कॉलमला दोष देतात. माझ्या मते प्रोटीन पुष्कळदा त्याआधीच, पेशी फोडून लायसेट (फुटलेल्या पेशींचं द्रावण) बनवतानाच गेलेलं असतं.

सोनिकेशनला (ध्वनिलहरींनी पेशी फोडण्याला) घाई नडते. प्रोब सलग चालवला तर ट्यूब बर्फात असूनही आतलं द्रावण तापतं, कारण उष्णता प्रोबच्या टोकाशीच तयार होते. १० सेकंद चालू, २० ते ३० सेकंद बंद, असे पल्स द्या. टोक वर आलं की आवाज चिरका होतो आणि फेस धरतो. फेसात प्रोटीन उलगडतं, म्हणून लगेच थांबा आणि प्रोब खाली घ्या. पेशी नीट फुटल्या की दुधाळ गढूळपणा कमी होऊन द्रावण जरा पारदर्शक दिसतं. पिपेटने उचलताना तार सुटत असेल तर तो डीएनए. थोडं डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि मॅग्नेशियम घालून ती तार मोडल्याशिवाय लायसेट कॉलमवर घालू नका, कॉलम तुंबेल.

पीएमएसएफ (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइम्सना, म्हणजे प्रोटिएजना रोखणारं रसायन) पाण्यात टिकत नाही. काल बफरमध्ये मिसळलेलं आज निकामी असतं, तेव्हा ते पेशी फोडण्याच्या अगदी आधी घाला. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच.

प्रोटिएज इनहिबिटरची गोळी ईडीटीए नसलेलीच घ्या. ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन निकेल ओढून घेतं आणि निळसर रेझिन (कॉलममधले निकेल धरलेले मणी) पांढरं पडतं. डीटीटी (क्षपण करणारं रसायन) जास्त झालं तर तेच रेझिन तपकिरी होतं. लायसेटमध्ये १० ते २० मिलिमोलर इमिडाझोल (निकेलवरच्या जागेसाठी हिस-टॅगशी स्पर्धा करणारं रसायन) असू द्या, म्हणजे नको ती प्रोटीन्स कमी चिकटतील. आपलं प्रोटीन सोडवायला साधारण २५० मिलिमोलर लागतं.

आणि काहीही फेकू नका! एकूण लायसेट, पेलेट (सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेला गाळ), सुपरनॅटंट (वरचं द्रावण), फ्लो-थ्रू (कॉलमला न चिकटता निघालेलं द्रावण), वॉश (कॉलम धुतलेलं बफर), सगळ्यांचा थोडा थोडा नमुना एकाच जेलवर चालवा. पेशी पूर्ण फुटूनही बँड पेलेटमध्ये असेल तर प्रोटीन इन्क्लूजन बॉडीत (नीट घडी न पडलेल्या प्रोटीनच्या गुठळीत) अडकलंय. तिथे आणखी सोनिकेशनचा उपयोग नाही. आयपीटीजी (पेशीत प्रोटीन बनणं सुरू करणारं रसायन) कमी करून पेशी १६ ते १८ अंशांवर रात्रभर वाढवून बघा. बँड फ्लो-थ्रूमध्ये असेल आणि रेझिनचा रंग ठीक असेल, तर टॅग प्रोटीनच्या घडीत दडलेला असू शकतो. युरिया ही घडी उलगडतं, म्हणून थोडं लायसेट ८ मोलर युरियात घेऊन कॉलमवर चालवा. आता चिकटलं, तर टॅग दुसऱ्या टोकाला लावून नवा क्लोन करायला घ्या.