क्रूझ ठरवताना या चुका टाळा: आधी समुद्र बघा, मग जहाज

दर मार्चमध्ये कोथरूडहून एक तरी फोन येतोच. "मुलांची परीक्षा संपली की निघू म्हणतो. मेमध्ये क्रूझ स्वस्त दिसतेय, बुक करून टाकू?" स्वस्त का दिसतेय, हे कुणी विचारत नाही.

पहिल्या खेपेला मीही विचारलं नव्हतं. सिंगापूरहून थायलंडच्या फुकेत बेटाला जाऊन परत येणारं जहाज, मेचा शेवटचा आठवडा, बरोबर सासूबाई, नणंद आणि तिची दोन मुलं. जहाजानं तिथल्या पातोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकला. तिथं धक्का नाही. टेंडरनं, म्हणजे छोट्या बोटीनं, काठावर जायचं. मे ते ऑक्टोबर त्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारा थेट आदळतो, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. सकाळी सातला टोप्या घालून, सनस्क्रीन फासून आम्ही रांगेत. खाली बोट एकदा शिडीच्या वर, एकदा पार खाली. साडेआठला घोषणा झाली: उतरणं रद्द. दिवसभर कठड्याला टेकून बेट बघत बसलो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लांबून सिंहगडही असाच दिसतो." भांडायलाही जागा नव्हती. बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो, तिकिटाच्या अटींत तसं छापलेलंच असतं.

तेव्हापासून नवं कालनिर्णय आलं की मी त्यावर पेन्सिलीनं समुद्र लिहिते. फुकेत आणि मलेशियातलं लंगकावी: डिसेंबर ते मार्च. को सामुई फुकेतसारखंच थायलंडात, पण पूर्वेला, तिथं ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस. लक्षद्वीप: पावसाळ्यात नाहीच. ओखी वादळ तिथून गेलं ते डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला, त्यामुळे तेव्हाही हवामान खात्याचं पान रोज उघडायचं. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेनचा हंगाम. मॉरिशसकडे उलटं, नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळं.

शाळेची सुट्टी आडवी येते, मान्य. मेमध्येच जायचं असेल तर सिंगापूरहून मलेशियातली पोर्ट क्लांग, पेनांग ही बंदरं करा. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्राच्या आडोशाला आहे आणि दोन्हीकडे जहाज धक्क्याला लागतं.

कंपनी निवडताना लोक वॉटर स्लाइड किती ते विचारतात. मी प्रत्येक बंदरापुढे 'ध' किंवा 'ट' लिहून घेते, धक्का की टेंडर. दोन 'ट' दिसले की दुसरी कंपनी. मग बंदरात तास किती, ते. शेवटी पैसे: जाहिरातीतला आकडा बहुतेकदा एका केबिनमध्ये दोघं धरून, माणशी असतो, वर पोर्ट चार्जेस, आणि पुष्कळ कंपन्यांत माणशी दर रात्रीची टिप वेगळी. बेरीज केल्याशिवाय "डील मिळाली" म्हणून सांगत सुटू नका.

जैन जेवण बुकिंग करतानाच कळवा, जहाजावर चढून नाही.

उलटीची भीती असेल तर मधली, खालच्या मजल्यावरची केबिन. वरची बाल्कनी घेऊन गोळ्या शोधत फिरणारे मी पाहिलेत.

सिंगापूरला परत यायचं असतं, तेव्हा व्हिसावर एकाहून जास्त प्रवेश आहेत ना, बघा.

आणि मुंबईहून निघणार असाल तर आदल्या दिवशी डेक्कन क्वीननं जाऊन तिथंच मुक्काम करा. "पहाटे निघू, एक्सप्रेसवेनं तीन तासांत बॅलार्ड पिअर" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. खंडाळ्याला गाडी अडकली की त्यांचाच फोन येतो, आणि जहाज सुटायच्या बऱ्याच आधी चेक-इन बंद झालेलं असतं.