गेममध्ये मंत्रालय उभारताय? आधी या चुका टाळा

ओळखीच्या एका मुलाने परवा त्याच्या गेमचा डेमो दाखवला. भुताटकीचा गेम. तालुक्याच्या गावातलं जुनं तहसील कार्यालय, रात्रीची वेळ, पंख्याची कुरकुर. टेबलावर एक कागद पडलेला. तो उचलला की पडदाभर नोटीस उघडते: वर तीन सिंह, खाली ‘सत्यमेव जयते’, मग ‘महाराष्ट्र शासन’, जावक क्रमांक, गोल शिक्का, हिरव्या शाईतली सही. घडीवरचा चहाचा डागसुद्धा जागच्या जागी. “काका, घरी आलेल्या खऱ्या नोटिशीवरूनच बनवलीय,” तो कौतुकाने म्हणाला. मी त्याला आधी तो कागद काढायला लावला आणि मग बाकीचा गेम पाहिला.

मी वकील नाही. पार्श्वभूमीच्या इमारती आणि वस्तू बनवणं हा माझा धंदा, आणि या चुका बऱ्याचशा मी स्वतः करून झालेल्या आहेत. गेम विकायला काढणार असाल तर शेवटचा शब्द वकिलाचाच घ्या.

“इमारत रस्त्यावरून दिसते, मग कुणाच्या परवानगीची गरज?”

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि ते निम्मं खरं आहे. कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये वास्तूचं चित्र, रेखाटन किंवा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक आहे. त्रिमितीय मॉडेलचा उल्लेख मात्र त्या यादीत नाही, म्हणून हयात वास्तुविशारदाची इमारत विटेवर वीट उभारताना हात जरा आखडता घ्यावा. जुन्या इमारतींना ती भीती नाही. मुंबई उच्च न्यायालयाची इमारत १८७८ ची. दिल्लीचं जुनं संसद भवन १९२७ चं. त्याचे वास्तुविशारद लट्यन्स १९४४ मध्ये गेले, बेकर १९४६ मध्ये, आणि मृत्यूनंतरची कॉपीराइटची साठ वर्षं कधीच उलटली. २०२३ साली उद्घाटन झालेलं नवं संसद भवन त्यात बसत नाही.

इथवर वाचून लोक थांबतात. पण दुसरा एक कायदा आहे, १९५० चा: चिन्हं आणि नावं यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा. त्याला कॉपीराइटशी काही देणंघेणं नाही. व्यापार-धंद्यासाठी कोणती नावं आणि चिन्हं केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय वापरायची नाहीत, याची अनुसूचीच त्यात दिली आहे. संसद, विधिमंडळं, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालयं, केंद्राची आणि राज्यांची सचिवालयं यांची नावं आणि मुद्रा तर आहेतच, शिवाय या संस्था ज्या इमारतींत बसतात त्या इमारतींचं चित्रसुद्धा आहे. म्हणजे मंत्रालयाची इमारत काढायला कॉपीराइट आडवा येणार नाही कदाचित, पण तीच इमारत गेमचं बोधचिन्ह म्हणून छापली तर १९५० चा कायदा दारात उभा राहतो. पाठलाग चालू असताना मागून दोन सेकंद सरकलेलं मंत्रालय वेगळं आणि स्टोअर पेजच्या मुख्य चित्रावर गेमच्या नावाला चिकटून उभं केलेलं मंत्रालय वेगळं. माझा नियम साधा आहे: खरी सरकारी इमारत पार्श्वभूमीत चालेल, विक्रीच्या चित्रात, आयकॉनमध्ये आणि नावात नको.

या अनुसूचीतली एक नोंद महाराष्ट्रातल्या गेमवाल्यांनी तर पाठच करावी. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं व चित्रं त्यात आहेत. जाहिरातीसाठी नसलेल्या कॅलेंडरांपुरती सवलत आहे, गेमपुरती नाही. महाराजांचं नाव आणि चित्र विड्यांच्या पुड्यावर वापरणाऱ्या कारखानदारांनी या नोंदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. १९७५ मध्ये निकाल कायद्याच्या बाजूने लागला. आपण तर आदरानेच दाखवतोय, हे म्हणणं मनापासूनचं असेल, पण प्रश्न परवानगीचा आहे.

राजमुद्रेची डागडुजी

आता त्या नोटिशीकडे परत. भारताच्या राजमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारी संबंधाचा किंवा सरकारी कागदाचा भास होईल अशा रीतीने राजमुद्रा वापरायची नाही, असं तो म्हणतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गेममधला कागद गेममध्येच राहील, असं कोण सांगावं? कुणीतरी स्क्रीनशॉट घेतो, चौकट कापतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मग त्या नोटिशीला कुठला गेम नि कुठलं भूत.

यावर पोरांनी शोधलेला तोडगा म्हणजे थोडा बदल करायचा. ‘सत्यमेव जयते’ पुसायचं, किंवा चौथऱ्यावरच्या चक्राच्या जागी फूल काढायचं, बैल आणि घोडा गाळायचे. उपयोग नाही. १९५० चा आणि २००५ चा, दोन्ही कायदे हुबेहूब प्रतीबरोबरच मूळचीच वाटेल अशी नक्कलही धरतात. उलट ब्रीदवाक्य गाळलेली राजमुद्रा म्हणजे अर्धवट राजमुद्रा, ती आणखीच वाईट दिसते.

आपल्याकडे ‘राजमुद्रा’ हा शब्द दोन गोष्टींना लावतात, त्यामुळे आणखी एक घोळ होतो. स्वराज्यावरचा गेम करणारे शिवरायांची मुद्रा शोधतात आणि हाती लागलेली पहिली गोल प्रतिमा उचलतात. अक्षरं वाचा. ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’ असेल तर ती महाराजांची. त्याच जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ असेल तर ती आजच्या राज्य शासनाची मुद्रा, आणि ती वरच्याच अनुसूचीत मोडते. रायगडावरच्या दरबारात महाराष्ट्र शासनाचा शिक्का लटकताना मी स्वतः पाहिला आहे. तिथे कायद्याच्या आधी इतिहासाच्या मास्तरांनी कान धरला असता.

झेंड्यावर गोळीची भोकं

राष्ट्र प्रतिष्ठेचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यात ‘राष्ट्रध्वज’ म्हणजे फक्त कापडी झेंडा नव्हे. चित्र, रेखाटन, कुठल्याही रूपातली दृश्य प्रतिमा त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गेममध्ये हे नकळत घडतं. भिंतीवर गोळी लागली की भोकाचं डेकल, म्हणजे वर चिकटवलेलं चित्र, उमटतं. भिंतीसमोर तिरंगा असेल तर ते तिरंग्यावर उमटतं. स्फोट झाला की कापडाचं सिम्युलेशन झेंडा चिखलात पाडतं. कोर्टात काय टिकेल ते पुढचं पुढे, पण पंधरा सेकंदांचा व्हिडिओ तेवढी वाट पाहत नाही. झेंड्याच्या मटेरियलवर डेकल बंद करा, तो फिजिक्समधून काढा, आणि चक्राच्या आऱ्या मोजा: चोवीस. खेळाडूंना विकायच्या पोशाखांत कमरेखाली तिरंगा नको, कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे.

भारताचा नकाशा दाखवणार असाल तर सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी सीमा जुळवा. परदेशी ॲसेट पॅकमधला, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार सामानातला, नकाशा तसाच वापरणं ही शुद्ध बेफिकिरी आहे. १९६१ च्या कायद्याने त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

औषधाच्या पेटीवरचा लाल क्रॉस

हे चिन्ह दवाखान्याचं, असं सगळ्यांना वाटतं. ते जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे, आणि भारतात त्यासाठी १९६० चा कायदा आहे. २०१७ मध्ये ‘प्रिझन आर्किटेक्ट’ या गेममधल्या रुग्णवाहिकेवर लाल क्रॉस दिसला म्हणून ब्रिटिश रेड क्रॉसने निर्मात्यांना पत्र पाठवलं. त्यांनी क्रॉस हिरवा केला आणि विषय संपला. तुम्ही आधीच हिरवा करा.

संदर्भासाठी फोटो काढताना

२०१२ मध्ये एका चेक स्टुडिओचे दोन कर्मचारी ग्रीसच्या लेमनॉस बेटावर पकडले गेले. त्यांचा स्टुडिओ त्याच बेटावर ‘आर्मा ३’ हा लष्करी गेम बेतत होता. दोघे सुट्टीवर आलो असं सांगत होते, पोलीस म्हणत होते लष्करी जागांचे फोटो घेतले. जामीन मिळेपर्यंत चार महिने उलटले, आणि गेममधल्या बेटाचं नाव बदलून आल्टिस झालं. आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे. काळा घोड्याच्या जुन्या इमारतींचे फोटो घेत घेत लायन गेटसमोर आलात तर कॅमेरा बॅगेत घाला. आत नौदलाची गोदी आहे.

गेम आधीच बाजारात असेल तर

आधी बाहेरचं साफ करा: आयकॉन, स्टोअर पेजवरची चित्रं, ट्रेलरची थंबनेल. ॲप सरकारी आहे असं भासवणारा राजमुद्रेचा आयकॉन गूगल प्लेच्या धोरणातही बसत नाही, आणि सरकारच्या नोटिशीपेक्षा ॲप उडवल्याची ईमेल लवकर येते. मग प्रोजेक्टमध्ये सिंह, चक्र, शिक्का, झेंडा या नावांचे टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, शोधा. ‘फायनल_२_नवीन’ नावाखाली लपलेले डोळ्यांनीच शोधावे लागतील. बदललेल्या प्रत्येक फाइलची तारीख लिहून ठेवा. ‘सर्व पात्रे व स्थळे काल्पनिक’ ही पाटी जरूर लावा, पण तिच्या भरवशावर राजमुद्रा ठेवू नका. परवानगीच हवी असेल तर १९५० च्या कायद्याचं काम केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे आहे आणि राजमुद्रेचं गृह मंत्रालयाकडे. वेळापत्रकात तो वेळ धरा.

त्या मुलाने नोटीस बदलली. आता वर ‘दख्खन प्रांत, महसूल खाते’ असं लिहिलं आहे, मुद्रेत दोन बगळे आणि मधे विहीर, खाली ब्रीदवाक्य: ‘उद्या या’. खेळून बघणारी पोरं भुताला घाबरायच्या आधी तिथे हसतात. ते हसू ठेवायचं की काढायचं, यावर त्याचं नि माझं अजून एकमत नाही.