बिटॅक्सचा हॅशरेट पडलाय? फ्रिक्वेन्सी वाढवायच्या आधी या चुका टाळा

बिटॅक्स गॅमा हे घरी बिटकॉइन मायनिंग करायचं छोटं मशीन. त्याचा हॅशरेट, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या हिशेबांचा वेग, घेताना ऐकलेला असतो १.२ टेराहॅश, आणि घरी स्क्रीनवर दिसतात नऊशे गिगाहॅश (०.९ टेराहॅश). मग हात आपोआप चिपच्या फ्रिक्वेन्सीकडे, म्हणजे तिच्या चालण्याच्या वेगाकडे जातो. माझाही गेला. ५२५ मेगाहर्ट्झचे ६०० केले, तर हॅशरेट आणखीच घसरला.

आधी हिशेब करा. गॅमात बीएम१३७० ही एकच चिप असते आणि तिच्यात २,०४० छोटे कोअर. मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीला २,०४० ने गुणा, अपेक्षित हॅशरेट मेगाहॅशमध्ये मिळतो (दहा लाख मेगाहॅश म्हणजे एक टेराहॅश). ५२५ वर तो १.०७ टेराहॅश येतो, १.२ हवे असतील तर ६०० लागतात. म्हणजे ५२५ वर १.०५ दिसत असेल तर मशीन ठणठणीत आहे, उगाच छेडू नका.

पूलचा, म्हणजे अनेक जण मिळून मायनिंग करतात त्या सेवेचा, आकडा बघून घाबरणं ही दुसरी चूक. पूल तुमचा हॅशरेट मोजत नाही, मशीनकडून आलेल्या शेअर्सवरून (काम केल्याचा पुरावा म्हणून पाठवलेल्या उत्तरांवरून) अंदाज बांधतो. पाच मिनिटांचा आकडा निम्म्यावर येतो, दुप्पटही होतो. चोवीस तासांची सरासरी बघा.

खरी गोम बहुतेक वेळा अ‍ॅडॉप्टरमध्ये असते. माझ्या अ‍ॅडॉप्टरवर ‘५ व्होल्ट ६ अँपिअर’ असं छापलेलं होतं. मल्टीमीटर लावला तर ५.१ व्होल्ट, म्हणून त्याला क्लीन चिट देऊन टाकली. पण ते मशीन न जोडता मोजलेलं! मायनिंग चालू असताना एक्सओएसच्या (AxeOS, बिटॅक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर) डॅशबोर्डवर इनपुट व्होल्टेज पाहिलं तर ४.७, आणि अ‍ॅडॉप्टरला हात लावला तर चटका. वायर मोबाइल चार्जरसारखी बारीक होती. जाड वायरचा, खरोखर ६ अँपिअर देणारा अ‍ॅडॉप्टर आणला आणि त्याच संध्याकाळी हॅशरेट जागेवर आला. जास्त ताकदीचा म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मात्र चुकूनही खुपसू नका, बोर्ड जळेल. यूएसबी-सी पोर्टही फर्मवेअर (मशीनचं आतलं सॉफ्टवेअर) टाकण्यापुरताच आहे, त्यावर मायनिंग चालत नाही.

मग उष्णता. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील तर एवढासा पंखा करणार काय? चिप ६०-६५ अंशांच्या आसपास ठेवा. मशीन टीव्हीच्या बंद कपाटात किंवा राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. पंख्यातली धूळ ब्रशने झाडा. तरीही तापत असेल तर हीटसिंक (चिपवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) काढून खालची थर्मल पेस्ट बघा, तीच चिपची उष्णता हीटसिंककडे नेते. माझ्या एका मशीनमध्ये ती एकाच कोपऱ्यात जमली होती, उरलेली चिप कोरडी. आणि नुसत्या चिपचं तापमान बघून थांबू नका. चिपला वीज पुरवणारा व्होल्टेज रेग्युलेटर वेगळा तापतो, त्याचाही आकडा डॅशबोर्डवर असतो.

हे सगळं नीट झाल्यावरच फ्रिक्वेन्सी. एकदम ७५ नाही, २५-२५ ने वाढवा आणि प्रत्येक वेळी तासभर थांबा. फ्रिक्वेन्सी वाढली पण कोअर व्होल्टेज (चिपला मिळणारं व्होल्टेज) तेवढंच राहिलं, तर चिप चुकीची उत्तरं काढू लागते आणि ती मोजणीत धरली जात नाहीत. माझे ६०० याचमुळे तोंडावर आपटले. व्होल्टेज थोडं वाढवलं की उष्णता वाढते, म्हणून पुन्हा तापमान बघणं आलंच.

वाय-फाय? ते २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. सारखं तुटत असेल तर पूलवरचा आकडा पडतो. चिपचा त्यात काही दोष नसतो.