ठेव अंशदान काम : लेखा शाखेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

एका शासकीय कार्यालयाने दुसऱ्याकडून सेवा घ्यायची आणि तिचा खर्च सोसायचा, हा विषय प्रशिक्षणात एका दुपारी आटोपला जातो. मला मात्र तो समजायला दोन वर्षे आणि एक खुलासापत्र लागले. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची कर्तव्ये हे सर्व आपल्याला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो.

मूळ तत्त्व सोपे आहे. ज्या कामासाठी एखादा सेवा विभाग निर्माण झाला आहे, ते काम त्याने दुसऱ्या विभागासाठी केले तरी तो सामान्यतः आकारणी करीत नाही. वाणिज्यिक विभाग मात्र करतो. काही खर्च वाटून घेतले जातात, जसा लोहमार्ग पोलिसांचा खर्च राज्य शासन आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. एकाच इमारतीतील कार्यालयांनी वीज आणि साफसफाईचे देयक वापरातील क्षेत्रफळानुसार वाटून घेतले असेल, तर जागेच्या मोजमापाचा कागद धारिकेत ठेवावा, एवढे पुरे.

खरी अडचण ठेव अंशदान कामात, म्हणजे दुसऱ्या विभागाकडे आगाऊ रक्कम ठेव म्हणून जमा करून त्याच्याकडून करून घेतलेल्या कामात आहे. माझ्या पहिल्याच पदस्थापनेत कार्यालयाच्या विद्युत दुरुस्तीसाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही बांधकाम विभागाकडे 18 लाख रुपये जमा केले. देयक कोषागारातून पारित झाले, बीम्स या अर्थसंकल्पीय निधी वितरणाच्या संगणक प्रणालीत खर्च दिसू लागला, आणि मी नोंदवहीत ‘खर्च’ असे लिहून तेवढ्याच रकमेच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा (रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याचा) मसुदा सादर केला. वरिष्ठांनी माझ्या टिप्पणीवर विश्वास ठेवून स्वाक्षरी केली. पुढच्या वर्षी लेखापरीक्षण पथकाने झालेल्या कामाची मोजमापे नोंदवलेली मोजमाप पुस्तिका मागितली, तेव्हा तांत्रिक मान्यताच प्रलंबित असल्याचे आणि एक रुपयाचेही काम झाले नसल्याचे उघड झाले.

येथे काय घडते ते सावकाश समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या चुका येथूनच निघतात. आपल्या लेखाशीर्षाखाली रक्कम खर्ची पडते, म्हणजे ती राज्याच्या एकत्रित निधीतून बाहेर जाते. परंतु ती ठेकेदाराकडे जात नाही. ती लोकलेख्यात, म्हणजे शासनाकडे ठेवीसारख्या असलेल्या रकमांच्या लेख्यात, मुख्य लेखाशीर्ष 8443 नागरी ठेवी याखालील 108 सार्वजनिक बांधकाम ठेवी या गौण शीर्षात जमा होते. विधिमंडळाने ज्या वर्षासाठी आणि ज्या प्रयोजनासाठी अनुदान मंजूर केले, त्या वर्षाच्या विनियोजन लेख्यात ते खर्च झाल्याचे दिसते, आणि पैसा मात्र ठेवीत तसाच पडून असतो. म्हणून पैसे दिल्याची पावती हा काम झाल्याचा पुरावा नव्हे, आणि त्या पावतीच्या आधारे उपयोगिता प्रमाणपत्र कधीही देऊ नये. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा काम करणाऱ्या विभागाच्या लेख्यातून आला पाहिजे.

दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. शिल्लक रक्कम पुढील वर्षात परत आली, तर ती आपल्या चालू अनुदानात मिळत नाही. ती मागील वर्षाच्या खर्चाची वसुली ठरते आणि तिच्यातून एकही देयक भागवता येत नाही. ‘अनुदान व्यपगत होण्यापेक्षा (वर्षअखेरीस न वापरता संपण्यापेक्षा) ठेवीत ठेवू’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे, मग तो कितीही अनुभवी व्यक्तीने दिलेला असो. तात्काळ प्रदानाची गरज नसताना कोषागारातून रक्कम काढू नये, हा वित्तीय नियम मार्च महिन्यातही लागू असतो.

माझे ठाम मत असे आहे की शक्य असेल तेथे ठेव टाळावी आणि त्याच लेखाशीर्षाचा निधी काम करणाऱ्या विभागाच्या आहरण अधिकाऱ्यास वितरित करण्याचा प्रस्ताव द्यावा. काम होईल तसाच खर्च पडतो आणि उरलेला निधी वेळेत समर्पित करता येतो. त्याचप्रमाणे मागील वर्षीच्या पत्रातील तारीख बदलून नवे पत्र काढण्याच्या सवयीला मी मनापासून विरोध करतो, कारण त्या पत्रात अंदाजपत्रकाचा क्रमांक, आस्थापना आकाराचा (काम करणाऱ्या विभागाच्या आस्थापना खर्चापोटीच्या आकारणीचा) दर आणि शिल्लक परत करण्याची मुदत बहुधा नसतेच. केंद्र पुरस्कृत योजनेचा पैसा असेल तर सामान्य वित्तीय नियम 2017 मधील प्रमाणपत्राचा नमुना, आणि राज्याच्या निधीसाठी मुंबई वित्तीय नियम 1959, यांची सरमिसळही अशीच जुन्या पत्रांतून पुढे सरकत राहते.

मार्गदर्शक कोणाला मानावे, हेही सांगतो. मला ही साखळी समजावून दिली ती बांधकाम विभागातील एका विभागीय लेखापालांनी. त्यांच्याकडे प्रत्येक ठेवीचे स्वतंत्र खाते असते, आणि कार्यकारी अभियंत्यास पाठवलेल्या चार स्मरणपत्रांनी जे कळत नाही ते तेथे अर्ध्या तासात कळते. ‘सगळे असेच करतात’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा नियमाचे पान उघडून दाखवणाऱ्या माणसाजवळ बसा.

आक्षेप आला तर घाबरू नका, परंतु तो दडवूही नका. चुकीचे प्रमाणपत्र मागे घेऊन सुधारित प्रमाणपत्र सादर करता येते, आणि रक्कम कोठे आहे हे कागदाने दाखवता आले तर तुमच्या हेतूबद्दल शंका उरत नाही. माझा खुलासा मान्य झाला. काम अखेर सुरू झाले, वापरली न गेलेली रक्कम चलनाने परत आली, आणि लेखापरीक्षणातील आक्षेपाचा परिच्छेद वगळण्यात आल्याचे पत्र मिळेपर्यंत मी तीन महिने नीट झोपलो नव्हतो. आता माझ्या ठेव नोंदवहीत ‘दिलेली रक्कम’, ‘झालेला खर्च’ आणि ‘शिल्लक’ असे तीन वेगळे रकाने आहेत, आणि मधला रकाना मी संबंधित विभागाच्या स्वाक्षरीच्या विवरणपत्राशिवाय भरत नाही.